आज पाणी नको

(मंगळवेढा परिसरातील एका शाळामास्तरांच्या स्मृतिप्रीत्यर्थ भरणाऱ्या व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा संपादित मजकूर)



गुरुजींनी मला शिकवलेला विज्ञानाचा पहिला धडा तव्यावरचा आहे. मी सहावीत होतो. दिवाळीची सुट्टी संपून शाळा नुकतीच उघडली होती. गुरुजींनी आम्हा चौघांना शाळेमागच्या ज्वारीत धाडलं. एकाने वरची माती आणायची, दुसऱ्याने वीतभर खालची, तिसऱ्याने हातभर खालची. चौथा मी. माझ्याकडे वाण्याच्या दुकानातून तागडी उसनी आणायचं काम होतं. गुरुजींच्या घरून जुना तवा आला. चांगला तवा घरच्या बाईंनी दिला नाही, आणि ते बरोबरच होतं. प्रत्येक माती पाव किलो तोलली, तव्यावर घातली, खाली काटक्या पेटवल्या. आधी पहिल्या पावसाचा वास आला, मग वाफ आली, मग नुसता भाजल्याचा वास राहिला. पुन्हा तोललं. वरची माती 220 ग्रॅमच्या आसपास भरली, हातभर खालची 190. गुरुजी म्हणाले, "हे साठ ग्रॅम म्हणजे ज्वारीची शिदोरी. संक्रांतीपर्यंत तिला आभाळाकडे बघायचं कारण नाही."

पुढे मी माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत लागलो तेव्हा कळलं, की गुरुजींची ही पद्धत जगभर प्रमाण मानतात. तव्याऐवजी भट्टी असते, ती 105 अंश सेल्सिअसला ठेवतात आणि माती चोवीस तास आत राहते, एवढाच फरक. बाकीची सगळी यंत्रं, हजाराची असोत की लाखाची, आपला खरेपणा शेवटी या तव्यापुढेच सिद्ध करतात.

मग यंत्र हवंच कशाला? या पद्धतीच्या दोन खोडी आहेत. भट्टीचं उत्तर दुसऱ्या दिवशी मिळतं. आणि माती उकरून न्यावी लागते, म्हणून तीच जागा पुन्हा मोजता येत नाही. शेतकऱ्याला उत्तर हवं असतं ते बांधावर उभं असताना, मोटार चालू करायची की नाही हे ठरवताना. आज मला बोलायचंय ते हातात धरून शेतभर फिरवता येणाऱ्या ओल-मापकाविषयी. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. पाणी कधी द्यावं हे या यंत्रापेक्षा तुम्हाला जास्त कळतं. यंत्राचा खरा उपयोग आहे तो आज पाणी नको, हे छातीठोक सांगण्यासाठी.

किती ओल, आणि कशी ओल

पहिला घोळ टक्क्यांचा. 130 ग्रॅम ओली माती सुकून 100 ग्रॅम राहिली, तर प्रयोगशाळा म्हणते, ओल 30 टक्के. यंत्र मात्र वजनावर बोलत नाही. एक लिटर मातीच्या जागेत पाणी किती, हे ते सांगतं. मातीची घनता 1.3 धरली तर तीच ओल यंत्राच्या भाषेत 39 टक्के होते. दोघेही खरं बोलतात. आमच्या प्रयोगशाळेचा कागद आणि शेतातला आकडा जुळत नाही म्हणून भांडायला आलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांना मी चहा पाजायचो आणि गुणाकार दाखवायचो.

दुसरा घोळ जास्त खोल आहे. वाळूत 15 टक्के ओल असली तर पीक डोलतं. तुमच्या काळ्या रानात 15 टक्क्यांवर ते मान टाकतं. पाणी तेवढंच, मग असं का? काळ्या मातीचे कण फार बारीक, आणि ते पाणी घट्ट धरून ठेवतात. मुळाला पाणी दिसतं, पण ओढता येत नाही. पाऊस पडून जास्तीचं पाणी निथरून गेलं, वाफसा आला, की माती पाण्याला साधारण 33 किलोपास्कलच्या ओढीने धरते. पीक कायमचं कोमेजतं तेव्हा ही ओढ 1500 किलोपास्कलवर गेलेली असते. मोटारगाडीच्या चाकात आपण 220 किलोपास्कलच्या आसपास हवा भरतो. म्हणजे चाकातल्या दाबाच्या जवळजवळ सातपट जोर लावायचा, तेव्हा कुठे थेंब हाती येणार. ही ओढच मातीतल्या पाण्याची चाल ठरवते, हे एडगर बकिंगहॅम या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने 1907 साली मांडलं. पण 'ओल आहे, पण पिकाला लागत नाही' असं म्हणणाऱ्या माणसाने तीच गोष्ट सांगितलेली असते.

आता जरा हिशेब करू. भारी काळी जमीन वाफशाला 40 टक्के पाणी धरते आणि 20 टक्क्यांवर पीक कोमेजतं असं समजा. मधले 20 टक्के पिकाचे. मुळं दोन फूट, म्हणजे 60 सेंटिमीटर गेली असतील तर हा साठा 120 मिलिमीटर झाला. हेक्टरी 12 लाख लिटर. त्यातलं निम्मं पीक विनातक्रार घेतं, पुढचं कष्टाने. निम्मं म्हणजे 60 मिलिमीटर. हिवाळ्यात रोज 4 मिलिमीटर खर्च धरला तर पंधरा दिवसांची बेगमी. एप्रिलच्या उन्हात 8 धरला तर आठवडाभराची. आता शेजारच्या माळावर या. वीतभर मुरमाड माती, पिकाला मिळणारं पाणी 8 टक्के. 25 सेंटिमीटरात 20 मिलिमीटर साठा, निम्मं म्हणजे 10. अडीच दिवसांत संपलं. एकाच बांधाच्या अलीकडे पंधरा दिवस आणि पलीकडे अडीच. दोन्हीकडे पाण्याची पाळी मात्र आठव्या दिवशी, कारण तशी रीत पडली आहे. पलीकडच्या माळावर रीत पिकाला मारते. अलीकडे काळ्या रानात ती पाणी वाया घालवते.

यंत्र काय मोजतं

यंत्राची मूठ हातात, वर आकडा दिसायची खिडकी, खाली स्टीलच्या दोन किंवा तीन सळ्या. सळ्या मातीत दाबल्या, बटण दाबलं, आकडा आला. पण या यंत्राला पाणी दिसत नाही. ते मातीत विजेची लहर सोडतं आणि ती किती रेंगाळते हे बघतं. पाण्याच्या रेणूची एक बाजू धन, दुसरी ऋण. लहर आली की हे सगळे रेणू तिच्याकडे तोंड फिरवायला लागतात आणि लहर अडखळते. आठवडी बाजारातून सायकल काढायची, आणि भेटणारा प्रत्येक माणूस वळून रामराम घालतोय, तसं. या अडखळण्याला जे माप आहे ते पाण्याचं 80, कोरड्या मातीच्या कणांचं 3 ते 5 आणि हवेचं फक्त 1. शुद्ध पाण्यातून जाताना लहरीचा वेग हवेतल्या वेगाच्या नवव्या हिश्शावर येतो. मातीत थोडं जरी पाणी वाढलं तरी आकडा हलतो तो यामुळे. 1980 साली टॉप, डेव्हिस आणि अ‍ॅनन या कॅनडातल्या तिघांनी वेगवेगळ्या मातींत हे मोजून पाहिलं, तेव्हा बऱ्याचशा माती एकाच वक्ररेषेवर बसल्या. ती रेषा शेतीच्या उपकरणांत शिरली.

बाजारात मात्र तीन जातींची यंत्रं एकाच फळीवर मांडलेली असतात. पहिली जात ही, लहरीची. दुसरी नुसती मातीतून वीज किती वाहते ते बघते; ती स्वस्त असते, पण तिला मीठ आणि पाणी यांतला फरक कळत नाही. रासायनिक खत टाकलेल्या वाफ्यात ती ओल जास्त दाखवते, क्षारपड जमिनीत तर तिचं काही ऐकूच नये. तिसरी, बॅटरी नसलेली, काटा हलणारी: दोन वेगळ्या धातूंच्या टोकांमध्ये मातीच्या ओलीने जी बारीकशी वीज तयार होते तिच्यावर काटा हलतो. कुंडीतल्या तुळशीला ठीक आहे. एकरभर उसाचा निर्णय तिच्यावर सोडू नका.

भेगेत काडी

आता माझी फजिती ऐका. पहिलं फिरतं यंत्र हाती आलं तेव्हा मी नव्या घड्याळासारखा ते सगळीकडे दाखवत होतो. जानेवारीत एका काळ्या रानात गेलो. सळ्या सहज आत गेल्या, आकडा आला 12. मी गंभीर चेहऱ्याने म्हणालो, "दादा, पीक धोक्यात आहे, आजच्या आज पाणी द्या." ते काही बोलले नाहीत. खुरपं घेतलं, माझ्या सळ्यांच्या शेजारी वीतभर उकरलं, मूठभर माती दाबून माझ्या तळहातावर ठेवली. लाडू वळला होता. मग म्हणाले, "साहेब, भेगेत काडी घातली तुम्ही."

खरंच तसं झालं होतं. आपल्या काळ्या मातीत जी चिकणमाती आहे ती भिजली की फुगते, सुकली की आक्रसते. आक्रसताना भेगा पडतात, आणि सळ्या सोप्या वाटेने भेगेत शिरतात. मग यंत्र मातीऐवजी हवा मोजतं, आणि हवेचं माप तर 1. डोळ्यांना न दिसणारी केसाएवढी फटही सळीभोवती राहिली तरी आकडा खाली येतो. उलटही होतं. ही माती स्वतःच बरीच वीज वाहू देते, म्हणून चिंब असताना काही यंत्रं ओल फुगवून सांगतात. कारखान्यात बसवलेलं गणित बहुधा पोयट्याच्या मातीवरचं असतं. काळ्या रानाचं गणित आपलं आपल्यालाच बसवावं लागतं.

ते अवघड नाही. लोखंडी पाईपचा हातभर लांबीचा नव्हे, बोटभर लांबीचा तुकडा घ्या, त्याचं आकारमान काढून ठेवा. चांगला पाऊस झाल्यापासून रान सुकेपर्यंत आठ-दहा वेळा एकाच पट्ट्यात आधी यंत्राचा आकडा घ्या, मग शेजारीच पाईप ठोकून माती काढा, पिशवीत घट्ट बांधा, तोला, जवळच्या कृषी विज्ञान केंद्राच्या भट्टीत सुकवा, पुन्हा तोला. एका वहीत आडवा यंत्राचा आकडा, उभी खरी ओल. दहा ठिपके पडले की एक रेघ ओढा. ती रेघ तुमच्या रानाची. यंत्र बदललं तर नवी रेघ.

हाताळण्याच्या चार गोष्टी. सळ्या सरळ दाबायच्या, हलवून वाट करायची नाही. एका ठिकाणी एकच आकडा कधी घ्यायचा नाही. पावलाच्या अंतरावर पाच घ्या, त्यातला सगळ्यांत वेगळा पडलेला बाजूला ठेवा. ठिबक असेल तर नळीच्या छिद्रापासूनचं अंतर ठरवून घ्या, वीतभर म्हटलं की दरवेळी वीतभर. आणि वरच्या चार बोटांवर भरवसा ठेवू नका. ऑगरने किंवा पहारीने भोक करून हातभर खालचंही मोजा, कारण जेवणारी मुळं तिथे आहेत. खडक लागला, सळी अडली, तर हातोडा मारू नका. वाकलेल्या सळ्यांची माझ्याकडे एक पेंढी आहे.

एका रानातली चार रानं

या यंत्राचं मोठेपण त्याच्या अचूकतेत नाही. एका जागी कायमचा पुरलेला संवेदक त्याच्याहून अचूक असतो. रात्रंदिवस मोजतो आणि फोनवर आकडे पाठवतो. पण तो एकाच जागेची गोष्ट सांगतो. दुसऱ्या टोकाला उपग्रह आहेत. 2015 च्या जानेवारीत सोडलेला नासाचा स्मॅप उपग्रह सूक्ष्मलहरींनी सगळ्या पृथ्वीची ओल मोजतो, पण वरच्या दोन इंचांची, आणि त्याचा एक ठिपका जवळपास तालुक्याएवढा. 2025 च्या जुलैत इस्रो आणि नासा यांनी मिळून सोडलेला निसार पुष्कळ बारीक बघतो. तरीही हातभर खाली काय आहे हे आभाळातून दिसत नाही. हातातलं यंत्र या दोघांच्या मधलं काम करतं. ते तुम्हाला चालायला लावतं.

अडीच एकरांच्या एका उसात मी आणि शेतमालक सकाळी चाललो. वीस पावलांवर एक थांबा. पाटाच्या तोंडाशी 44, मध्यावर 38, शेवटच्या सरीत 27, आणि कोपऱ्यातल्या मुरमाड उंचवट्यावर 16. ते थबकले. कागदावर हे एकच रान, एकच गट नंबर. आणि त्यात चार रानं निघाली. उंचवट्यावरचा ऊस पिवळा दिसला की ते सगळ्या अडीच एकरांना पाणी देत होते. तोंडाशी ऊस बुडत होता, कोपऱ्यातला तहानलेला होता, आणि दोन्हीकडचा पिवळेपणा त्यांना एकच वाटत होता. दोन तास चालल्यावर त्यांनी ठरवलं, की कोपऱ्याची सरी वेगळी काढायची. या निर्णयातच यंत्राची किंमत वसूल झाली असं मी समजतो.

न देण्याचं धाडस

त्याच माणसाशी त्या दिवशी झालेलं पुढचं बोलणं मला जास्त मोलाचं वाटतं. मध्यावरच्या 38 कडे बोट दाखवून मी म्हटलं, इथे आठ दिवस तरी पाणी नको. ते म्हणाले, "वर पांढरं पडलंय की." वरचा पापुद्रा सुकला होता. पाचट सारून उकरलं, तर खाली माती गार, मुठीत लाडू वळणारी. त्यांना पटलं. त्या रात्री त्यांनी तरीही मोटार चालू केली.

मला राग आला नाही; कारण माहीत होतं. शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, पुढचा आठवडा रात्री. मिळेल तेव्हा पाणी घेऊन ठेवायचं. पुढची पाळी येईल तेव्हा येईल. कालव्याचंही तेच. ज्याच्या हातात पाण्याची वेळ नाही, तो जमिनीत पाणी साठवून ठेवणारच. हा शहाणपणाच आहे, त्याला अडाणीपणा म्हणणाऱ्याने एक रात्र विंचू-सापांत बॅटरी घेऊन दारं धरून बघावं.

या शहाणपणाची किंमत मात्र जमीन मोजते. नीरा डावा कालवा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाला, ऊस आला, आणि काही दशकांतच कालव्याखालची चांगली रानं चिबड आणि खारी पडायला लागली. अभियंते विश्वेश्वरय्या यांनी दख्खनच्या कालव्यांवर ब्लॉक पद्धत आणली, ती पाणी ठरलेल्या क्षेत्राला आणि ठरलेल्या प्रमाणात जावं म्हणून. 1916 साली मुंबई सरकारने सिंचन पिकांच्या गरजेशी जुळवण्यासाठी एक खास शाखा काढली. खडकवासल्याचं केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र तिच्यातूनच वाढलं. पिकाला हवं तेवढंच पाणी, हा प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे. आज कृष्णाकाठी शिरोळकडे जाऊन पांढरी पडलेली रानं बघितली, की तो सुटलेला नाही हेही दिसतं.

जिथे पाण्याची वेळ शेतकऱ्याच्या हाती आहे, म्हणजे शेततळं, विहीर आणि ठिबक, किंवा दिवसाची खात्रीची वीज, तिथे मात्र मोजणं चमत्कार करतं. ऑस्ट्रेलियाचे शास्त्रज्ञ रिचर्ड स्टर्झेकर यांनी 'कॅमेलिऑन' नावाचा संवेदक तयार केला. तो टक्के सांगतच नाही. मातीची ओढ मोजतो आणि रंग दाखवतो. निळा म्हणजे भरपूर, हिरवा म्हणजे पुरेसं, लाल म्हणजे पीक कष्टात. झिंबाब्वे, मोझांबिक, टांझानियातल्या छोट्या शेतकऱ्यांनी दिवसेंदिवस निळाच रंग पाहिला आणि पाळ्या कमी केल्या. उत्पन्न वाढलं, कारण पाण्याबरोबर मुळांखाली धुऊन जाणारं खत जागेवर राहिलं. आपल्याकडे कोइमतूरच्या ऊस पैदास संस्थेनेही हातात धरायचा, रंगीत दिवे लागणारा ओलदर्शक तयार केला: निळा, हिरवा, नारिंगी, लाल. मला हे दिवे आवडतात. 38.4 या आकड्याचा खोटा रुबाब त्यांना नाही.

पाणी न देणं ही कला आपल्याला परकी आहे असंही नाही. सांगोल्याचा डाळिंबवाला आणि विदर्भातला संत्रेवाला 'ताण देतो', 'पाणी तोडतो', तेव्हाच बहर धरला जातो. हलक्या जमिनीत ताण लवकर बसतो, भारीत उशिरा. नेमका किती बसला हे यंत्र सांगू शकतं. आणि कोरडवाहूवाला तर म्हणतच आला आहे, की एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी. भेगा बुजवल्या की ओल आत राहते. हा हिशेब यंत्राशिवाय पिढ्यान्‌पिढ्या बरोबर आला. मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर पाणी देणारं कुणी नसतंच. हस्ताचा पाऊस मुरला, ओलीला ओल भेटली, की पुढचं सगळं ती आपल्या शिदोरीवर करते.

मग सांगायचं काय? यंत्र गावात एक असलं तरी पुरे, घरटी नको. वही मात्र घरटी हवी. आणि मोजणाऱ्याला पाण्याची वेळ निवडता आली पाहिजे. दिवसा वीज मिळावी म्हणून 2017 पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना चालू आहे. ओल मोजण्याच्या प्रसारात माझ्या मते तिचा वाटा कुठल्याही यंत्रापेक्षा मोठा ठरेल. उद्या सकाळी पाणी नक्की मिळणार, हे ज्याला माहीत आहे, तोच आज रात्री नको म्हणू शकतो.

गुरुजींचा तवा त्यांच्या नातवाने जपून ठेवला होता. आज तो बाहेर मांडवाच्या दाराशी मांडला आहे. शेजारी मातीचे चार डबे आहेत: दोन काळीचे, एक मुरमाचा, एक क्षारपड रानातला. एक तागडी आहे आणि माझं यंत्र आहे. जाताना प्रत्येकाने आधी मूठ दाबून ओल किती ते वहीत लिहावं आणि मग सळ्या खुपसाव्यात. क्षारपड डब्यापाशी जरा थांबा. तिथे यंत्र चुकणार आहे, आणि तुमच्यातल्या कितीजणांची मूठ बरोबर येते ते मला बघायचंय. खात्री तव्यावर करू. काटक्या पेटवल्या आहेत.